गॅलरीतला प्राजक्त

आमची धाकटी जाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की तिच्या दारातल्या झुडपाचा फोटो येतो. फॉदरगिला नावाचं ते झुडूप, जेमतेम कमरेएवढं. वसंतात त्याला बाटलीच्या ब्रशासारखी पांढरी, मधासारख्या वासाची फुलं येतात आणि पानगळीच्या दिवसांत तेच झुडूप पिवळं, नारिंगी, लालभडक होऊन जातं. फोटोखाली तिचा ठरलेला प्रश्न, "ताई, तुमच्याकडे ऑक्टोबरात काय?"

आमच्याकडे काय असणार? घाम! पूर्वी मी असंच उत्तर धाडायची. हल्ली मात्र मीही फोटो पाठवते. पितळी ताम्हनात ओंजळभर प्राजक्त, पांढऱ्या पाकळ्या वर आणि केशरी देठ खाली. मुंबईत झाडांची पानं रंगत नाहीत हे खरं, पण शरदाचा रंग आमच्याही दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रोज सकाळी सांडतो. आणि वास? तो काही फोटोतून पाठवता येत नाही, नाहीतर जाऊ पुढच्याच विमानानं आली असती!

मैत्रिणींनो, हा प्राजक्त मी कसा लावला, माझ्याच हातून तो कसा हुकला आणि नंतर कुणी सावरला, ते सांगायला आज बसले आहे. झाडाची माहिती देईनच, पण खरी गोष्ट झाडापेक्षा जरा वेगळी आहे.

माझ्या सासूबाई अलिबागजवळच्या नागावच्या. नारळी-पोफळीची वाडी, विहीर, पुढचं अंगण आणि अंगणाच्या कडेला प्राजक्ताचं मोठं झाड. २०१७ च्या पावसाळ्यात मामंजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्याच वर्षी कार्तिकात ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात वाडी पुतण्यांच्या हवाली करून आई आमच्याकडे मुलुंडला राहायला आल्या.

तुम्हाला वाटेल, आता सासू-सुनेचं भांडण सांगणार. नाही हो, भांडण असतं तर बरं झालं असतं! आई भांडत नव्हत्या, मागत नव्हत्या, काही नकोही म्हणत नव्हत्या. पानात वाढलेलं जेवायच्या, भाजी निवडून द्यायच्या आणि एरवी पाहुण्यासारख्या वावरायच्या. पहाटे पाचला उठून मात्र गॅलरीत जायच्या आणि कठड्याला धरून खाली बघत उभ्या राहायच्या. खाली काय? पार्किंगमधल्या मोटारी आणि वॉचमनची खुर्ची. माझी ती वेळ पाणी भरण्याची, दुधाची, दोन डब्यांची. ओट्यापाशी उभी राहून मी रोज मनात म्हणायची, यांना नक्की काय हवंय? पण दहा पावलं चालून जाऊन विचारलं मात्र नाही. आपण बायका मोठ्या चमत्कारिक. जगाला विचारू, पण घरातल्या माणसाला विचारायचं झालं की जीभ जड होते.

शेवटी माझं मीच ठरवून टाकलं की आईंना अंगणाची आठवण येते. २०१९ च्या जूनमध्ये ठाण्याच्या नर्सरीतून हातभर उंचीचं प्राजक्ताचं रोप आणलं. ह्यांनी प्लॅस्टिकचा निळा पिंप मधोमध कापून आणला. भरल्यावर त्याचं वजन मणांच्या हिशेबात जातं, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी कपाळाला आठ्या घातल्या. मग तो कठड्याशी न ठेवता आतल्या भिंतीलगत, तुळईजवळ ठेवला, खाली विटा दिल्या आणि प्रकरण मिटलं.

रोप लागलं आणि पावसात सरसरून वाढलं. दीड महिन्यात त्याच्या फांद्या वेड्यावाकड्या कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोहोचल्या. प्राजक्ताचं पान खरखरीत, पॉलिशपेपरसारखं. माझी वायलची साडी त्याला लागून उसवली, तेव्हा माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी बी.ए. आहे, दुपारच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. गुलाब छाटला की भरघोस फुलतो, असं कुठंसं वाचलेलं होतं. श्रावणातल्या एका रविवारी कात्री घेतली आणि सगळं झुडूप कसं छान गोल, आटोपशीर करून टाकलं. आई दारात उभ्या राहून बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. केर मात्र त्यांनी गोळा केला, आणि त्यातल्या दोन फांद्या हातात घेऊन बराच वेळ बसल्या.

भाद्रपद गेला. आश्विन आला. कोजागरी झाली. शेजारच्या सोसायटीतल्या प्राजक्ताखाली रोज सडा पडत होता आणि माझ्या गोल, आटोपशीर झुडपावर एक कळीसुद्धा नव्हती. दिवाळीचे कंदील लावताना मी वैतागून म्हटलं, "नर्सरीवाल्यानं फसवलं वाटतं!"

आई पहिल्यांदाच बोलल्या, "त्यानं कशाला फसवायला हवं? श्रावणात तू कळ्याच कापल्यास."

"तुम्ही तिथंच होतात ना आई! सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस." जरा थांबून म्हणाल्या, "तुझं घर, तुझी कात्री. मी कशी मधे बोलू?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. झाड त्यांच्यासाठी आणलं होतं म्हणे! अन् दीड वर्षात त्यांना ते घर आपलं वाटावं एवढंही मला साधलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन मी गॅलरीत गेले आणि म्हटलं, "आई, आता काय करायचं ते तुम्ही सांगा. मी करते."

तेव्हापासून पिंपाचा कारभार त्यांच्याकडे गेला. त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

प्राजक्ताची फुलं येतात ती नव्या फुटीच्या शेंड्यांवर. म्हणून छाटणीची वेळ माघ-फाल्गुनातली, म्हणजे फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात. तेव्हा एकतृतीयांश ते अर्ध्यापर्यंत छाटलं तरी झाड रागावत नाही. उलट, बुंध्याशी भरपूर फूट येते आणि अंगणात वीस-पंचवीस फुटांवर जाणारं हे झाड पिंपात चार-पाच फुटांचं झुडूप होऊन राहतं. फार तर जूनच्या सुरुवातीपर्यंत कोवळे शेंडे खुडावेत. एकदा पावसाळा लागला की कात्री फडताळात. श्रावणात तर तिच्याकडे बघायचंही नाही!

उन्हाळ्यात प्राजक्त पानं टाकतो. नवख्या बायका मेलं म्हणून उपटून टाकतात. नखानं साल किंचित खरवडून पाहावी, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. त्या दिवसांत पाणी बेतानं. एरवीही वरची बोटभर माती कोरडी झाली की मगच घालायचं, कारण मुळाशी पाणी साचलेलं याला सोसत नाही. पिंपाच्या तळाला चार-पाच भोकं हवीतच आणि त्यांवर खापऱ्या. आम्ही दोन वाटे लाल माती, एक वाटा जुनं कुजलेलं शेणखत आणि एक वाटा नारळाचा भुसा घातला. छाटणीनंतर दोन मुठी गांडूळखत आणि पाऊस लागताना पुन्हा दोन, एवढाच त्याचा खुराक. ऊन चार-पाच तास तरी हवं. आमची गॅलरी पश्चिमेची, दुपारनंतरचं ऊन मिळतं, तेवढ्यावर त्याचं भागतं. पावसाळ्यात पानांवर अळ्या पडतात. आई त्या काडीनं वेचतात. फारच झाल्या तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब ढवळून संध्याकाळी फवारायचं.

ज्यांच्या गॅलरीला ऊनच कमी त्यांनी हिरमुसू नये. त्यांच्यासाठी कुंती आहे. तीही आटोपशीर, पानं चकचकीत, दोन-तीन तासांच्या उन्हात भागवून घेते. पावसाची सर येऊन गेली की काही दिवसांत पांढरी फुलं एकदम फुलतात, रात्री घरभर घमघमाट, आणि मागाहून शेंदरी-लाल फळं धरतात. तिला मात्र वर्षातून केव्हाही थोडी कात्री लावली तरी चालते.

तर फेब्रुवारी २०२० मध्ये आईंच्या देखरेखीखाली मी प्राजक्त छाटला. कुठल्या डोळ्याच्या वर कापायचं ते त्या बोटानं दाखवत होत्या. महिन्याभरानं टाळेबंदी आली. शाळा बंद, ह्यांचं ऑफिस घरात, मुलीचा वर्ग मोबाइलवर. त्यातच आमचा फुलपुडीवाला गावी गेला तो परतलाच नाही. आईंच्या बाळकृष्णाला तुळशीच्या दोन पानांवर भागवावं लागे. पण त्या वर्षी पिंपाकडे बघायला सगळ्यांनाच वेळ होता. जूनमध्ये झुडूप हिरवंगार झालं. ऑगस्टमध्ये आईंनी मला हाक मारून शेंड्यांवरचे बारीक दाणे दाखवले. कळ्या होत्या.

अनंत चतुर्दशी झाली त्या आठवड्यात पहिली फुलं उमलली. प्राजक्त संध्याकाळी अंधार पडू लागला की उमलायला लागतो आणि उजाडता उजाडता गळतो. त्या रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना वास आला. हात तसेच ठेवून मी गॅलरीत गेले, तर आई अंधारात पाट टाकून बसलेल्या. सकाळी खाली सात फुलं पडलेली होती. पितृपंधरवडा चालू होता. आईंनी ती सातही फुलं मामंजींच्या फोटोपुढे ठेवली.

मग अधिक महिना लागला. २०२० साली आश्विन अधिक होता, आठवत असेल तुम्हाला. पहिल्याच दिवशी आईंनी आपल्या ट्रंकेतून एक जुनी चाळीस पानी वही काढली आणि फुलं मोजायला बसल्या. सव्वीस. वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी एकतीस. लिहिलं. माझ्या मुलीनं विचारलं, "आजी, फुलांचा हिशेब कशाला?"

तेव्हा मला सगळं कळलं. मामंजी आजारी पडले त्या भाद्रपदात आईंनी प्राजक्ताची लाखोली बोलली होती. हल्लीच्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते, देवाला एक लाख फुलं मोजून वाहण्याचा हा संकल्प. खाली पडलेलं फूल एरवी देवाला चालत नाही, पण प्राजक्ताला ती माफी आहे, कारण तो देठाला धरून राहतच नाही. अंगणातल्या त्या मोठ्या झाडाखाली रोज सात-आठशे फुलांचा सडा. आई पहाटे पाचला वेचायच्या, मोजायच्या, वाहायच्या. एकसष्ट हजार चारशेवर आकडा आला आणि मामंजी गेले. वही तिथंच थांबली. पहाटे पाचला कठड्याला धरून त्या खाली काय बघत होत्या, ते मला दोन वर्षांनी समजलं. त्यांचे हात रिकामे झाले होते.

मी भीत भीत म्हटलं, "पण आई, आता लाखोली कशासाठी?"

"आता कशासाठी नाही," त्या म्हणाल्या. "मोजायला बरं वाटतं."

पुढच्या वर्षी झुडूप दाट झालं, कठड्याबाहेर झुकलं आणि नवीन संकट उभं राहिलं. खालच्या मजल्यावर गुजराती भाभी राहतात. एका सकाळी त्या हातात त्यांच्या यजमानांचा पांढराशुभ्र झब्बा घेऊन वर आल्या. खांद्यावर केशरी डाग! प्राजक्ताच्या देठात रंग असतो, तो चुरडला की कपड्याला लागतो. पूर्वी या देठांनी रेशीम रंगवत, भिक्षूंच्या वस्त्रांनाही हा रंग देत. पण झब्ब्याचा धनी भिक्षू नव्हता ना! मी ओशाळून उभी राहिले. आई पुढे झाल्या. "ठेव इथं," म्हणाल्या. गार पाण्यात साबण लावून धुतला आणि दोन दिवस कडक उन्हात टाकला. हा रंग दिसायला भडक असला तरी उन्हापुढे टिकत नाही. डाग फिका पडत पडत गेला. पुन्हा तसं होऊ नये म्हणून कठड्याबाहेरच्या फांद्या सुतळीनं आत ओढून बांधल्या आणि रात्री पिंपाभोवती जुनी चादर अंथरायला सुरुवात केली.

तरी वाऱ्यानं थोडी फुलं खाली जायचीच. आई हसून म्हणाल्या, "सत्यभामेनं एवढा हट्ट करून स्वर्गातून आणवला, तरी फुलं रुक्मिणीच्याच अंगणात पडायची. तुझी माझी काय कथा!" आणि त्यांनी वाटीभर फुलं मुलीच्या हाती भाभींकडे धाडली, त्यांच्या ठाकोरजींसाठी. आठवडाभरानं भाभींनी आपल्या गॅलरीत पडलेली फुलं वेचून वाटी भरून वर पाठवली. निरोप, "बांना सांग, हिशेबात धरा." आई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नको. तिच्या दारी पडली ती तिच्या कृष्णाची. देवाकडे खातं एकच असेल, पण वही माझी वेगळी आहे." तेव्हापासून वाट्यांची ये-जा चालू आहे. कधी फुलं जातात, कधी ढोकळा येतो.

मुलीसाठी मात्र आईंनी एक गंमत केली. नैवेद्याला वाहून झालेले देठ सावलीत वाळवून साठवले, पाण्यात उकळले, चिमूटभर तुरटी टाकली आणि माझ्या जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याचा रुमाल त्यात बुडवला. सुंदर केशरी-पिवळा निघाला. पोरीनं तो शाळेत मिरवला. आता फिका झाला आहे, पण टाकू देत नाही.

या झाडाला लिनियसनं १७५३ साली जे शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ रात्री फुलणारं दुःखी झाड असा होतो. दिवसा ते उदास दिसतं, म्हणून. बंगालमध्ये याच फुलाला शिउली म्हणतात. तिकडे ते राज्याचं फूल आहे, आणि शिउली फुलली म्हणजे दुर्गापूजा आली असं समजतात. दुःखी की सणाचं? मला विचाराल तर दोन्ही खरं. आमच्या घरात ते आलं तेव्हा दुःखीच होतं. सणाचं व्हायला जरा वेळ लागला, एवढंच.

आईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. पहाटे वाकून फुलं मी वेचते, त्या पाटावर बसून मोजतात, मुलगी वहीत लिहिते. कपभर चहा तिथंच होतो. पाण्याची, दुधाची, डब्यांची घाई तशीच आहे, पण ती दहा मिनिटं मी कुणाला देत नाही. कुठली फांदी जून झाली, भाजीला फोडणी कशाची, मुलीला कुठली शाखा द्यावी, सगळं तिथंच विचारून घेते. आई सांगतात. कधी कधी न विचारताही सांगतात, आणि मग आमचं थोडं वाजतंही! त्यालाही माझी हरकत नाही. वाजतं म्हणजे घर त्यांचं झालं.

पिंपातलं झुडूप ते, अंगणातल्या झाडाची सर त्याला कुठून येणार? एका मोसमात चार हजारांच्या आसपास फुलं होतात. २०२४ च्या दिवाळीला मोसम संपला तेव्हा वहीतला आकडा अठ्ठ्याहत्तर हजारांच्या वर गेला होता. मुलीनं तिथल्या तिथं भागाकार केला. "आजी, अजून पाच वर्षं तरी लागतील!"

आईंनी वही मिटली, ताम्हन उचललं आणि म्हणाल्या, "मग पाच वर्षं जगायला हवं बाई. फेब्रुवारीत छाटणी वेळेवर करा म्हणजे झालं."